रेगे ऐकायला बसण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेगेकडे येणारे बहुतेक जण दोन वाटांनी येतात. कुणी बॉब मार्लीची चार गाणी ऐकून, तर कुणी गोव्याच्या एखाद्या शॅकवर कानावर पडलेल्या ठेक्यामुळे. दोन्ही वाटा ठीकच. पुढे जायचं तर एक गोष्ट मात्र आधीच लक्षात घ्यावी. हे संगीत रंगमंचावर जेवढं घडलं, त्याहून किती तरी जास्त किंग्स्टनच्या मोजक्या स्टुडिओंमध्ये घडलं, आणि सात इंची तबकडीवरून, रस्त्यावर मांडलेल्या स्पीकरांमधून लोकांपर्यंत गेलं. खालची उत्तरं या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा वळतात.

रेगे कानाने ओळखायचा कसा?

एक, दोन, तीन, चार असं मोजत राहा. दोन आणि चारवर गिटारचा किंवा पियानोचा कोरडा, तुटक फटका येतो. त्याला स्कँक म्हणतात. तीनवर बास ड्रम आणि स्नेअर एकत्र पडतात, आणि एकवर, म्हणजे जिथे कान आघाताची वाट पाहतो तिथे, ड्रमर काहीच वाजवत नाही. हा झाला वन ड्रॉप. तो ऐकायचा असेल तर वेलर्सचा, म्हणजे मार्लीच्या बँडचा, ड्रमर कार्लटन बॅरेट ऐका. त्याचा भाऊ अ‍ॅस्टन बॅरेट त्याच बँडमध्ये बास वाजवायचा.

बास गिटारकडे इथे साथीचं काम नसतं, बहुतेक वेळा गाण्याची खरी धून तीच वाहते. म्हणून मोबाइलच्या स्पीकरवर रेगे ऐकू नये. बास गेला की अर्धं गाणं गेलं. बरे हेडफोन असले तरी भागतं.

कॅलिप्सो आणि रेगे एकच ना? दोन्ही वेस्ट इंडिजचेच.

नाही. ही गल्लत आपल्याकडे क्रिकेटमुळे झाली असावी. १९७१ मध्ये सुनील गावस्करने पदार्पणाच्या मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा केल्या, तेव्हा त्याच्यावर गाणं रचणारा लॉर्ड रिलेटर हा त्रिनिदादचा कॅलिप्सो गायक. कॅलिप्सो त्रिनिदादचा आणि रेगे जमैकाचा. दोन्ही बेटांमध्ये दीड हजार किलोमीटरहून जास्त समुद्र आहे. जमैकाचं स्वतःचं जुनं लोकसंगीत म्हणजे मेंटो. बँजो, गिटार आणि बसून वाजवायची रुम्बा पेटी यांवर ते चालायचं. रेगेच्या गिटारमध्ये मेंटोच्या बँजोचा थोडा अंश सापडतो.

मग रेगे सुरू कधी झाला?

नाव पडलं १९६८ मध्ये. मेटल्स या त्रिकुटाने त्या वर्षी केलेल्या ‘डू द रेगे’ या गाण्यात हा शब्द तबकडीवर पहिल्यांदा आला. त्याआधीची दहा वर्षं बघितल्याशिवाय मात्र ते गाणं कुठून आलं हे कळत नाही.

१९५० च्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमधल्या लोकांना हॉटेलांतले ऑर्केस्ट्रा परवडत नव्हते. त्यांच्यासाठी साउंड सिस्टिम होती: मोठमोठ्या लाकडी खोक्यांमधले स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, एक टर्नटेबल आणि रिकामं आवार. वाजायचं ते अमेरिकन ऱ्हिदम अँड ब्लूज. कुणाकडे कोणती तबकडी आहे यावर गर्दी ठरायची, म्हणून मालक मंडळी तबकडीवरचं लेबल खरवडून टाकत, म्हणजे स्पर्धकाला गाण्याचं नाव कळू नये. कॉक्सन डॉडचं हुकमी गाणं नेमकं कोणतं हे ड्यूक रीडने शोधून काढलं आणि भर नाचात वाजवलं, हा किस्सा किंग्स्टनमध्ये वर्षानुवर्षं सांगितला गेला. रीड मूळचा पोलीस, पुढे दारूच्या दुकानाचा मालक, आणि कमरेला पिस्तूल लावून फिरणारा. हे धंदेवाले लोक होते.

दशक संपता संपता अमेरिकेत रॉक अँड रोल आला आणि जमैकाच्या नाचणाऱ्यांना हवी तशी गाणी तिकडून येईनाशी झाली. तेव्हा याच मालकांनी गावातले गायक-वादक घेऊन स्वतः गाणी ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. त्यातून स्का निघाला, जलद, ट्रम्पेट-ट्रॉम्बोनने भरलेला. ६ ऑगस्ट १९६२ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा हवेत स्का होता. १९६४ मध्ये मिली स्मॉलच्या ‘माय बॉय लॉलिपॉप’ने तो इंग्लंडात पोहोचवला.

स्काच्या वादकांमधले बरेच जण अल्फा बॉइज स्कूलमधून आले. कॅथलिक नन चालवत असलेली किंग्स्टनमधली ही शाळा गरीब आणि वाट चुकलेल्या मुलांची. तिथल्या सिस्टर मेरी इग्नेशियस यांनी मुलांच्या हातात वाद्यं दिली, आणि स्वतःही तबकड्यांचा संग्रह बाळगला. स्काचा बँड स्कॅटलाइट्स, त्यातले डॉन ड्रमंड, टॉमी मॅकूक, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग हे सगळे अल्फाचे. रेगेच्या इतिहासात या ननचं नाव मार्लीइतकंच मोठं छापायला हवं, असं मला वाटतं.

१९६६ च्या सुमारास ठेका मंदावला, बँड लहान झाले, बास मोकळा झाला. हा रॉकस्टेडी. तो जेमतेम दोन वर्षं टिकला, पण गोडव्यात त्याला तोड नाही. ब्लाँडी या अमेरिकन बँडने १९८० मध्ये जगभर गाजवलेलं ‘द टाइड इज हाय’ मुळात पॅरागन्स या जमैकन गटाचं, १९६७ चं. रॉकस्टेडीत ऑर्गनची खळबळ आणि ड्रमचा नवा झोल मिसळला आणि रेगे झाला.

स्टुडिओ वन, ट्रेझर आयल अशी नावं सारखी दिसतात. ही कोण मंडळी?

ही निर्मात्यांची दुकानं. जमैकात गाणं गायकाच्या नावाइतकंच निर्मात्याच्या नावाने ओळखलं जातं.

कॉक्सन डॉडने १९६३ मध्ये ब्रेंटफर्ड रोडवर स्टुडिओ वन उघडला. रविवारी तिथे नव्या गायकांची परीक्षा असायची आणि रांग लागायची. कीबोर्डवर जॅकी मिट्टू, बासवर हेप्टोन्सचा लेरॉय सिबल्स अशा मंडळींनी तिथे बनवलेले ठेके आजही वापरात आहेत. ड्यूक रीडचा ट्रेझर आयल त्याच्या दारूच्या दुकानाच्या वर होता, आणि रॉकस्टेडीची सर्वांत देखणी ध्वनिमुद्रणं तिथली आहेत. लेस्ली काँगने डेस्मंड डेकरचं ‘इझ्रायलाइट्स’ काढलं. ते १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. काँग चिनी वंशाचा जमैकन. मॅक्सफील्ड अ‍ॅव्हेन्यूवरचा चॅनल वन चालवणारे हूकिम बंधू आणि पुढे न्यूयॉर्कला जाऊन व्हीपी रेकॉर्ड्स उभी करणारं चिन कुटुंबही चिनी वंशाचंच. रेगे म्हणजे जटा आणि धूर एवढंच चित्र ज्यांच्या मनात आहे, त्यांनी या दुकानदारांकडेही बघावं.

मार्लीपासून सुरुवात करू का?

करा, पण ‘लेजंड’वर थांबू नका. १९८४ चा तो संग्रह आयलंड या कंपनीच्या काळातला आहे, आणि मार्ली त्याआधी जवळजवळ दहा वर्षं गात होता. १९६४ मधलं ‘सिमर डाउन’ ऐका: स्टुडिओ वन, स्कॅटलाइट्सची साथ, आणि किंग्स्टनच्या उडाणटप्पू पोरांना दिलेला दम. मग १९७०-७१ मध्ये निर्माता ली पेरीबरोबर केलेली ध्वनिमुद्रणं ऐका. माझ्या मते वेलर्स याहून चांगले कधीच वाजले नाहीत. मार्ली, पीटर टॉश, बनी वेलर तिघेही भुकेले आणि पेरी कुणालाही जास्तीचा सूर लावू देत नाही.

मग या ‘कॅच अ फायर’वर, १९७३. आयलंडचा मालक क्रिस ब्लॅकवेलने वेलर्सना चार हजार पौंड हातावर ठेवले आणि अल्बम करून आणा म्हणून सांगितलं. त्याआधी रेगेचे अल्बम म्हणजे एकेकट्या गाण्यांची मोळी असायची. वेलर्सनी टेप लंडनला आणल्यावर ब्लॅकवेलने त्यावर अलाबामाचा गिटारवादक वेन पर्किन्स आणि कीबोर्डसाठी रॅबिट बंड्रिक यांच्याकडून आणखी भर घालून घेतली, म्हणजे रॉक ऐकणाऱ्यांना घास गिळता यावा. २००१ च्या आवृत्तीत मूळ जमैकन रूपही मिळतं. दोन्ही एकामागोमाग ऐका. मला मूळ रूप जास्त आवडतं, पण लंडनच्या रूपाशिवाय आपल्यापर्यंत मार्ली आला नसता हेही खरं.

टॉश आणि बनी १९७४ मध्ये बाहेर पडले. ‘नो वुमन, नो क्राय’ची जी आवृत्ती सगळ्यांना पाठ आहे ती जुलै १९७५ मधली, लंडनच्या लायसियम थिएटरातल्या मैफिलीतली. ३ डिसेंबर १९७६ ला होप रोडवरच्या घरात घुसून मार्लीवर गोळ्या झाडल्या गेल्या. निवडणुकीचे दिवस होते आणि किंग्स्टनच्या वस्त्या दोन पक्षांच्या टोळ्यांनी वाटून घेतल्या होत्या. दोनच दिवसांनी तो ठरलेल्या कार्यक्रमात गायला, मग लंडनला गेला, आणि तिथे ‘एक्सोडस’ झाला. २२ एप्रिल १९७८ च्या वन लव्ह पीस कॉन्सर्टमध्ये त्याने पंतप्रधान मॅन्ली आणि विरोधी नेते सीगा यांचे हात रंगमंचावर एकत्र धरले. छायाचित्र प्रसिद्ध आहे. पुढच्या, १९८० च्या निवडणुकीत शेकडो माणसं मारली गेली. ११ मे १९८१ ला मार्ली मायामीत गेला, वय ३६.

रास्ताफारी काय प्रकार आहे? आणि गांजा तिथे भारतातून गेला हे खरं का?

२ नोव्हेंबर १९३० ला इथिओपियात रास तफारीचा हैले सेलासी या नावाने राज्याभिषेक झाला. जमैकातल्या काही उपदेशकांनी त्याच्यात काळ्या माणसाचा देव पाहिला. मार्कस गार्वी या जमैकन नेत्याच्या आफ्रिकेकडे परतण्याच्या विचाराने जमीन आधीच नांगरलेली होती. २१ एप्रिल १९६६ ला सेलासी किंग्स्टनच्या विमानतळावर उतरला तेव्हा गर्दीने पहारा मोडून विमानाला वेढा घातला. त्यानंतर हा पंथ झोपडपट्टीतून गाण्यांमध्ये आला. न्याबिंगीचे, म्हणजे रास्ताफारींच्या भजनांचे, ढोल तर त्याआधीच, १९६० मध्ये, काउंट ऑसीने ‘ओह कॅरोलिना’त वाजवले होते.

गांजाबद्दल: १८४५ ते १९१७ या काळात सुमारे ३६,००० भारतीय मजूर करारावर जमैकात नेले गेले, बहुतांश आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधले. गांजा त्यांच्याबरोबर गेला आणि तिथेही त्याला गांजाच म्हणतात. सुरुवातीच्या उपदेशकांपैकी लेनर्ड हॉवेलने आपली पुस्तिका जी. जी. मराघ अशा भारतीय वळणाच्या टोपणनावाने काढली, त्यामुळे दोन्ही समाजांत ये-जा होती एवढं नक्की. मराठी माणसाचा हात मात्र इथे शोधू नका. गांजा जमैकात १९१३ पासून बेकायदा होता. थोडा जवळ बाळगणं गुन्ह्यातून वगळलं गेलं २०१५ मध्ये.

सगळा रेगे रास्ताफारींचा नाही, हेही सांगायला हवं. ग्रेगरी आयझॅक्सच्या ‘नाइट नर्स’मध्ये धर्म शोधून सापडणार नाही.

डब म्हणजे रीमिक्सच ना?

रीमिक्सचा आजोबा म्हणा. १९६७-६८ च्या सुमारास स्पॅनिश टाउनचा साउंड सिस्टिमवाला रूडी रेडवुड ट्रेझर आयलमध्ये पॅरागन्सच्या ‘ऑन द बीच’ची खास तबकडी कापून घेत होता. कापणाऱ्याकडून गायकांचा ट्रॅक राहून गेला. रेडवुडने ती तशीच नेली आणि वाजवली, आणि नाचणारे लोक स्वतःच गाऊ लागले. तेव्हापासून तबकडीच्या मागच्या बाजूला बिनगाण्याचं रूप छापायची पद्धत पडली. दुसरं गाणं ध्वनिमुद्रित करायचा खर्च वाचला, हेही कारण होतंच.

हे तंत्र कलेच्या पातळीवर नेलं ऑस्बर्न रडक, म्हणजे किंग टबी याने. माणूस रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा. वॉटरहाउस भागातल्या घरात त्याने चार ट्रॅकचं जुनं मिक्सिंग डेस्क बसवलं, त्याला स्वतः बनवलेली यंत्रं जोडली, आणि तिथे बसून तो गाणं उलगडायचा: आवाज एका शब्दावर तोडायचा, शब्द प्रतिध्वनीत विरघळू द्यायचा, मध्येच सगळं काढून नुसता बास ठेवायचा. वादक घरी गेल्यावर संगीत करणारा हा माणूस, आणि त्याचं वाद्य म्हणजे डेस्क. डब ऐकायला सुरुवात करायची तर ऑगस्टस पाब्लोच्या मेलोडिकावर (फुंकून वाजवायच्या छोट्या कीबोर्डवर) त्याने केलेला ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’ (१९७६) हा अल्बम आधी घ्या. ६ फेब्रुवारी १९८९ ला टबीचा त्याच्या घराबाहेर गोळी घालून खून झाला.

ली पेरी वेगळ्या जातीचा. त्याने १९७३ मध्ये घराच्या मागच्या बाजूला ब्लॅक आर्क बांधला आणि मोजक्या, साध्या यंत्रांवर थरावर थर चढवत दाट, धुकट आवाज केला. काँगोजचा ‘हार्ट ऑफ द काँगोज’ (१९७७) रात्री, सलग, एका बैठकीत ऐकावा. पुढे हा स्टुडिओ जळाला. आपणच जाळला, असं पेरी सांगायचा.

वेगवेगळ्या गाण्यांत एकच संगीत कसं? ही चोरी नाही का?

तो रिदिम. बास आणि ड्रमचा सांगाडा एकदा ध्वनिमुद्रित झाला की त्यावर कुणीही गावं. जात्यावरच्या ओवीची चाल एकच असते आणि दळायला बसणारी प्रत्येक बाई तीत आपलं घालते, तसं. साउंड डायमेन्शनच्या ‘रिअल रॉक’वर साठच्या दशकाच्या अखेरीपासून शेकडो गाणी झाली. विली विल्यम्सचं ‘आर्मागिडियन टाइम’ त्यातलं एक, आणि तेच पुढे क्लॅश या इंग्लिश पंक बँडनेही घेतलं.

याच सांगाड्यावर बोलणारे आले. साउंड सिस्टिमवर माइक धरून बोलणाऱ्याला जमैकात डीजे म्हणतात. तबकडी लावणारा वेगळा, तो सिलेक्टर. १९७० मध्ये यू-रॉयने ड्यूक रीडच्या जुन्या रिदिमवर बोलून काढलेली गाणी तिथल्या यादीत पहिल्या तीन जागांवर एकाच वेळी बसली. किंग्स्टनमध्ये जन्मलेल्या कूल हर्कने हीच पद्धत न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये नेली. ११ ऑगस्ट १९७३ च्या त्याच्या पार्टीपासून हिप-हॉपचा इतिहास मोजतात.

मग पैसे कुणाला मिळाले?

बहुधा निर्मात्याला. गायकाला एकरकमी थोडे पैसे, वादकाला गाण्यामागे ठरलेली मजुरी, आणि हक्कांची कागदपत्रं नाहीतच. जमैकाचा स्वतःचा कॉपीराइट कायदा १९९३ मध्ये आला. तोवर १९११ चा ब्रिटिश कायदा चालत होता.

सिस्टर नॅन्सीचं उदाहरण घ्या. तिचं ‘बॅम बॅम’ १९८२ चं, जुन्या स्टॅलॅग रिदिमवरचं. हिप-हॉपवाल्यांनी ते तुकड्यातुकड्याने असंख्य वेळा वापरलं. नॅन्सी तोवर न्यू जर्सीत बँकेत नोकरी करत होती आणि तीसेक वर्षं तिला गाण्याचा पैसा मिळाला नव्हता. २०१४ मध्ये एका बुटांच्या जाहिरातीत स्वतःचाच आवाज ऐकून तिने वकील गाठला, तेव्हा कुठे हिस्सा मिळू लागला.

बायका एवढ्याच?

जास्त आहेत, पण लेबलवर छोट्या अक्षरात. मार्लीमागे गाणाऱ्या आय-थ्रीजमधल्या मार्शा ग्रिफिथ्सची कारकीर्द स्टुडिओ वनपासूनची, आणि ज्युडी मोवॅटचा ‘ब्लॅक वुमन’ हा स्वतंत्र ऐकण्याजोगा अल्बम. डॉन पेनने १९६७ मध्ये गायलेलं ‘यू डोन्ट लव्ह मी’ १९९४ मध्ये पुन्हा गाऊन जगभर नेलं. निर्मात्यांमध्ये सोनिया पॉटिंजर: हाय नोट लेबल चालवलं आणि ड्यूक रीडनंतर ट्रेझर आयलचा साठाही हातात घेतला.

यूबी४० हा रेगे धरायचा का?

धरा की. ब्रिटनमधल्या कॅरिबियन वस्तीने रेगेला दुसरं घर दिलं, आणि ‘रेड रेड वाइन’ त्या घरातूनच आलं. मूळ गाणं नील डायमंडचं, पण बर्मिंगहॅमच्या या पोरांना ते टोनी ट्राइबच्या १९६९ च्या रेगे रूपातून माहीत होतं. त्यापलीकडे स्टील पल्सचा ‘हँड्सवर्थ रिव्हॉल्यूशन’ (१९७८), लिंटन क्वेसी जॉन्सनची डबवरची कविता, आणि डेनिस बोव्हेलने केलेलं, जॅनेट केने गायलेलं ‘सिली गेम्स’ (१९७९). शेवटचं लव्हर्स रॉक, म्हणजे प्रेमगीतांचा लंडनी रेगे. हँड्सवर्थचाच अपाचे इंडियन पंजाबी आणि जमैकन बोली एकत्र करून १९९३ मध्ये आपल्या टीव्हीवरही पोहोचला होता.

डान्सहॉलमध्ये रेगे उरला आहे का?

पद्धत तीच, आवाज वेगळा. १९८५ मध्ये वेन स्मिथचं ‘अंडर मी स्लेंग टेंग’ आलं आणि स्टुडिओतल्या वादकांच्या पोटावर पाय आला, कारण त्यात बास आणि ड्रम वाजवणारं कुणी नव्हतंच. कॅसिओच्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डमधला तयार ठेका निर्माता किंग जॅमीने संथ करून घेतला. तो ठेका कॅसिओत तयार करणाऱ्या हिरोको ओकुदा यांनी पदवीचा प्रबंध रेगेवरच लिहिला होता. जमैकाचं देणं जपानमार्गे परत आलं म्हणायचं.

पुढच्या काही डान्सहॉलमध्ये समलिंगी लोकांविरुद्ध उघड हिंसेची भाषा आहे. ठेका चांगला म्हणून तिकडे कानाडोळा करावा असं मला वाटत नाही.

अजून काय ऐकू?

सत्तरच्या दशकातच राहा. बर्निंग स्पिअरचा ‘मार्कस गार्वी’ (१९७५), माइटी डायमंड्सचा ‘राइट टाइम’ (१९७६), बनी वेलरचा ‘ब्लॅकहार्ट मॅन’ (१९७६), कल्चरचा ‘टू सेव्हन्स क्लॅश’ (१९७७). या शेवटच्यामुळे ७ जुलै १९७७ ला किंग्स्टनमध्ये बरेच लोक अरिष्टाच्या धास्तीने घराबाहेर पडले नाहीत, असं सांगतात. ‘द हार्डर दे कम’ या १९७२ च्या चित्रपटाची तबकडी नवख्यासाठी सर्वांत सोपी. जिमी क्लिफ, मेटल्स, डेकर सगळे एका जागी. प्रत्यक्ष ऐकायचं तर २०१६ पासून सुरू झालेला गोवा सनस्प्लॅश आहे. तो दिल्लीच्या रेगे राजाज या गटाने उभा केला. मोठ्या स्पीकरसमोर उभं राहून बास छातीत घेणं म्हणजे काय, हे तिथे कळेल.

जुन्या जमैकन तबकड्या विकत घ्याव्यात का?

हौस असेल तर. सात इंची ४५ ला (मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या तबकडीला) मध्ये मोठं भोक असतं, अ‍ॅडॉप्टर लागतो. लेबलवर बहुधा साल नसतं, आणि तीच लेबलं पुढे पुनर्मुद्रणालाही वापरली जातात, त्यामुळे ‘ओरिजिनल’ हा विक्रेत्याचा शब्द प्रमाण मानू नका. गाणं संपल्यावरच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला क्रमांक तपासा. कोरं लेबल म्हणजे खोटा माल असंही नाही. निर्माते घाईने साउंड सिस्टिमवाल्यांना विकायला तशाच काढत. खरखर नव्या तबकडीलाही असते, कारण प्लास्टिक पुन्हा पुन्हा वितळवून वापरायचे. आणि घेतली की आधी मागची बाजू लावा.